शिक्षकांचे शिक्षक : लुई आगासी

ज्यानें एक विद्यार्थी शहाणा केला, त्याची आठवण तो विद्यार्थी जन्मभर बाळगतो. परंतु ज्यानें एक शिक्षक शहाणा केला, त्याचें नांवही ज्यांच्या कानीं कधीं पडलें नाहीं, असे शेंकडों विद्यार्थी त्याचे ऋणी होतात. शाळांच्या इतिहासांत संस्थापकांचीं व दात्यांचीं नांवें दगडावर कोरलेलीं आढळतात. शिक्षकांस शिकविणारांचीं नांवें मात्र क्वचितच कोठें सांपडतात. म्हणून या अंकासाठीं आम्हीं अशाच एका पुरुषाचें चरित्र निवडलें आहे. लुई आगासी हे मासे व हिमनद्या यांच्या अभ्यासामुळें एके काळीं युरोपांत व अमेरिकेंत सर्वश्रुत झाले होते. त्यांच्या मतांपैकीं कांहीं टिकलीं, कांहीं खोटीं ठरलीं, आणि कांहीं तर निंद्य होतीं, हेंही पुढें सांगावें लागेल. तथापि आपल्या आयुष्याच्या शेवटच्या उन्हाळ्यांत त्यांनीं एका उजाड बेटावर शाळामास्तरांची व शिक्षिकांची जी शाळा भरविली, तिच्यामुळें त्यांचें नांव शिक्षणाच्या इतिहासांत राहिलें आहे. आणि आम्हांस मुख्यतः तिचीच हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

आगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजीं स्वित्झर्लंड देशांतील मोतिए नांवाच्या खेड्यांत झाला. हें खेडें एका सरोवराच्या कांठीं वसलेलें असून त्यांचे वडील तेथील मंडळीचे पाळक होते. लुई यांच्या आधीं झालेलीं चार मुलें तान्हेपणींच वारलीं होतीं. त्यामुळें या पांचव्या मुलावर मातेची, रोझबाईंची, किती माया असेल याची कल्पना आमच्या वाचकांतील मातांस सहज करतां येईल. तरीही या मातेनें मुलास घरांत कोंडून ठेविलें नाहीं. पाळकांच्या घरामागें झऱ्याच्या पाण्याचें एक दगडी कुंड होतें. लुई व त्यांचा धाकटा भाऊ ऑग्यूस्त हे सरोवरांत उतरत, नुसत्या हातांनीं मासे पकडीत, आणि ते या कुंडांत सोडून त्यांचें चलनवलन तासन्‌तास पाहत. दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांचें शिक्षण आईवडिलांनींच घरीं केलें. पुढें मोठमोठ्या विद्यापीठांतून ते शिकले. परंतु त्यांची पहिली प्रयोगशाळा म्हणजे तें दगडी कुंडच होय.

मुलानें वैद्य व्हावें, अशी घरच्यांची इच्छा होती. त्याप्रमाणें झुरिच, हायडेलबर्ग व म्यूनिक येथें राहून त्यांनीं १८३० सालीं वैद्यकाची पदवी मिळविलीही. पण मन प्राणिशास्त्रांतच रमलेलें होतें. म्यूनिक येथें ते डॉलिंगर नांवाच्या प्राध्यापकांच्या घरीं बिऱ्हाडकरू म्हणून राहत. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून कसें पाहावें, हें त्यांस या यजमान-गुरूंनींच शिकविलें. आगासी व त्यांचे सोबती एका खोलींत जमत, आणि ज्यास जें ठाऊक असेल तें त्यानें इतरांस शिकवावें, असा परिपाठ त्यांनीं ठेविला होता. या खोलीस विनोदानें लहान विद्वत्सभा असें नांव पडलें होतें, व कधीं कधीं प्राध्यापकही तेथें येऊन बसत. समानांनीं समानांस शिकवावें, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणीं पडली ती येथेंच.

१८३१ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले. तेथें कुव्हिए या नांवाचे महापंडित होते. दगडांत रुतून दगडच झालेल्या प्राचीन माशांवर ग्रंथ लिहावा म्हणून त्यांनीं कित्येक वर्षें चित्रें व टिपणें जमविलीं होतीं. या तरुण परदेशीयाचें काम पाहिल्यावर त्यांनीं तीं सारीं त्याच्या स्वाधीन केलीं. आपण आयुष्यभर सांठविलेलें धन चोवीस वर्षांच्या पोराच्या हातीं देण्यास केवढें मन लागतें, याचा विचार करावा. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, म्हणजे मे १८३२ मध्यें, कुव्हिए मरण पावले. आगासी यांच्याजवळ तेव्हां खर्चास पैसा उरला नव्हता. ही स्थिति कळतांच जगप्रसिद्ध प्रवासी हुम्बोल्ट यांनीं न मागतां एक हजार फ्रँक त्यांजकडे पाठविले. वडील पिढीनें धाकट्या पिढीचा हात कसा धरावा, याचे हे दोन धडे आगासी कधींही विसरले नाहींत.

त्याच वर्षीं स्वदेशांतील न्यूशातेल या गांवीं त्यांस अध्यापकाची जागा मिळाली. येथें राहून त्यांनीं अश्मीभूत माशांवरील आपला मोठा ग्रंथ १८३३ ते १८४३ या काळांत प्रसिद्ध केला. येथेंच १८३७ सालीं त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्राचीन काळीं उत्तरेकडील भूप्रदेश अफाट बर्फाखालीं झांकलेला होता. व्हेनेत्झ व शार्पांतिए या त्यांच्याच देशबांधवांनीं आल्प्स पर्वतांतील हिमनद्यांविषयीं आधीं पुष्कळ शोध केला होता. आगासी प्रथम त्यांचें म्हणणें खोडून काढावयास गेले आणि डोळ्यांनीं पाहून त्यांचेच अनुयायी होऊन परत आले. मग त्यांनीं आर नांवाच्या हिमनदीवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला झोंपडी करून अनेक उन्हाळे काढले. एकदां तर हिमनदीच्या पोटांत काय आहे हें पाहण्यासाठीं दोराला फळी बांधवून ते बर्फाच्या विहिरींत खोल उतरले व पाय गार पाण्याला लागले तेव्हां वर आले.

परंतु आम्हांस त्यांच्या न्यूशातेलच्या वास्तव्यांतील एक लहान गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. स्वतःचीं व स्नेह्यांचीं मुलें घेऊन ते टेंकडीवर जात आणि समोरचा मुलूख दाखवून भूगोल शिकवीत. पावसापाण्याच्या दिवशीं मुलांस मेजाभोंवतीं बसवून प्रत्येकापुढें दगड, फूल अगर फळ ठेवीत. सर्वांस जें एकदां सांगितलें, तेंच पुन्हा प्रत्येक मुलाजवळ जाऊन निराळें समजावीत. उष्ण देशांचा पाठ असला म्हणजे मोठ्या खटपटीनें खजूर, केळीं व नारळ मिळवून आणीत, आणि पाठ संपल्यावर तीं फळें मुलांस खावयास देत. आमच्या कोंकणांतील विद्यार्थ्यांस या गोष्टीचें हंसूं येईल. पण आल्प्सच्या पायथ्याशीं तेव्हां केळें ही अपूर्वाईची वस्तु होती, आणि तोंडांत विरघळलेला पाठ मुलें विसरलीं नसतील.

१८४६ सालीं आगासी अमेरिकेंतील बोस्टन शहरीं व्याख्यानें देण्यास गेले. इंग्रजी त्यांस मोडकेंतोडकेंच येई. पण बोलतां बोलतां खडूनें फळ्यावर अशीं चित्रें काढीत कीं, अडलेल्या शब्दाची वाट श्रोत्यांस पाहावी लागत नसे. लवकरच त्यांस हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापकाचें पद मिळालें. १८४८ सालीं त्यांची पहिली पत्नी युरोपांत निवर्तली; मुलें हळूंहळूं बापाकडे आलीं; आणि १८५० सालीं त्यांनीं एलिझाबेथ केरी या सुशील व विदुषी स्त्रीशीं विवाह केला. पॅरिस येथील मानाची जागा पुढें त्यांस देऊं करण्यांत आली, ती त्यांनीं नाकारली. पैसा देणाऱ्या व्याख्यानांचीं निमंत्रणें आलीं असतां, धन मिळविण्यास आपणांस सवड नाहीं, असें ते सांगत, ही गोष्ट अमेरिकेंत म्हणीसारखी झाली आहे.

त्यांची शिकविण्याची पद्धति कशी होती, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. सॅम्युएल स्कडर नांवाचा एक तरुण कीटकांचा अभ्यास करावा म्हणून त्यांजकडे आला. आगासी यांनीं मद्यार्कांत ठेवलेला एक मासा बाटलींतून काढून त्याच्यापुढें ठेविला, व हा नीट पाहा, एवढेंच सांगून ते निघून गेले. भिंग नाहीं, पुस्तक नाहीं, हत्यार नाहीं. दोन डोळे, दोन हात आणि मासा. दहा मिनिटांत स्कडरला वाटलें कीं, पाहण्यासारखें होतें तें सारें पाहून झालें. गुरु तर परत येईनात. तास गेला, दोन तास गेले. कंटाळून त्यानें माशाच्या घशांत बोट घालून दांतांची धार पाहिली, खवले मोजले, आणि अखेर माशाचें चित्र काढूं लागला. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, कितीतरी नव्या गोष्टी आतां दिसत आहेत. गुरूंनीं येऊन पेन्सिलीचें कौतुक केलें, पण वर्णन ऐकून मान हालविली. मुख्य गोष्ट अद्याप दिसली नाहीं, असें म्हणून पुन्हा पाहण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शिष्यानें भीतभीत विचारलें कीं, माशाच्या दोन्ही बाजू सारख्या असून अवयव जोडीजोडीनें आहेत, हेंच का तें? गुरूंस अतिशय आनंद झाला. आतां पुढें काय करूं, म्हणून त्यानें विचारतां उत्तर तेंच मिळालें : मासा पाहा. असे तीन दिवस गेले. हा स्कडर पुढें फुलपांखरें व अश्मीभूत कीटक यांच्या विषयांतील मोठा अधिकारी पुरुष झाला, आणि तो माशाचा पाठ हाच आपणांस मिळालेला कीटकशास्त्राचा सर्वोत्तम पाठ होता, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

ही पद्धति हुशार शिष्यापुरती ठीक, पण गांवोगांवच्या शाळांचें काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आगासी यांनींही तो विचारला होता. मॅसॅच्यूसेट्स संस्थानांत शिक्षकांचे अल्पकालीन वर्ग भरत असत. प्राथमिक शाळांतील शिक्षक-शिक्षिका तेथें चार दिवस जमून व्याख्यानें ऐकत. जगद्विख्यात पंडितानें अशा वर्गांस जावें, हें कित्येकांस कमीपणाचें वाटलें असेल. आगासी मोठ्या हौसेनें जात. एकदां कीटकांवर बोलावयाचें होतें. त्यांनीं जिवंत नाकतोड्यांनीं भरलेलें भांडें बरोबर आणलें, आणि प्रत्येक श्रोत्यानें एक नाकतोडा हातांत धरलाच पाहिजे, असा आग्रह धरला. प्रथम सभेंत हंशा पिकला. कोणी लाजले, कोणी किंचाळले, कोणाच्या हातून नाकतोडा निसटला. निसटला कीं व्याख्यान थांबे, व तो पुन्हा हातीं येईपर्यंत पुढें जात नसे. थोड्या वेळानें हंसणें मावळलें, आणि माना खालीं घालून सर्वजण आपापल्या मुठींतील जीवाकडे पाहूं लागले. कीटकाचे पाय सहा असतात, हें त्या शिक्षकांनीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकवून घेतलें असेल. ते स्वतःच्या डोळ्यांनीं मोजण्याचा प्रसंग त्यांतील पुष्कळांवर त्या दिवशींच प्रथम आला असावा.

१८५५ सालीं आगासी पतिपत्नींनीं केंब्रिज येथील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर मुलींची शाळा काढली. घरावर कर्ज झालें होतें, हें एक कारण. पण शाळा नुसती पोट भरण्यापुरती राहिली नाहीं. आठ वर्षें ती उत्तम चालली. एलिझाबेथबाई व्यवस्था पाहत, मुलगा अलेक्झांडर व मुलगी आयडा शिकवीत, आणि स्वतः आगासी मुलींपुढें नित्य व्याख्यान देत. याच एलिझाबेथबाई पुढें रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १८५९ सालीं हार्वर्ड येथें आगासी यांनीं प्राण्यांचें मोठें संग्रहालय स्थापिलें. १८६५ मध्यें ते ब्राझील देशीं ॲमेझॉन नदीवर गेले, आणि १८७१-७२ मध्यें दक्षिण अमेरिकेस वळसा घालून समुद्रतळाचा शोध करीत आले. प्रकृति तोंवर पार खालावली होती. दोन वर्षांपूर्वीं मेंदूचा विकार होऊन ते कित्येक महिने अंथरुणास खिळलेले होते. दुसरा कोणी असता तर त्यानें आतां विश्रांति घेतली असती. आगासी यांनीं आपल्या आयुष्यांतील सर्वांत धाडसाची शाळा आतां काढली.

कल्पना साधी होती. उन्हाळ्याच्या सुट्टींत शिक्षकांनीं समुद्रकांठीं एकत्र राहावें, जिवंत प्राणी स्वतः गोळा करावे, स्वतः चिरून पाहावे, आणि सुट्टी संपतांच आपआपल्या गांवीं जाऊन मुलांस त्याच रीतीनें शिकवावें. पैसा कोठून येणार? मार्च १८७३ मध्यें आगासी यांचें या विषयावरील भाषण वर्तमानपत्रांत छापून आलें. न्यूयॉर्क येथील तंबाखूचे एक धनाढ्य व्यापारी जॉन अँडरसन यांनीं तें वाचलें. आणि मॅसॅच्यूसेट्सच्या किनाऱ्यावरील उपसागरांत पेनिकीज नांवाचें आपल्या मालकीचें लहान बेट त्यांनीं शाळेस देऊन टाकलें. वर शाळेसाठीं पन्नास हजार डॉलरही दिले. बोस्टनच्या एका गृहस्थानें समुद्रांत जाळें ओढण्यासाठीं एक शिडाचें जहाज दिलें. जागा होती त्याहून कितीतरी अधिक अर्ज आले. त्यांतून सुमारें पन्नास शिक्षक-शिक्षिका निवडण्यांत आल्या. पुरुषांच्या बरोबरीनें स्त्रियांस घेतलें, ही गोष्ट त्या काळीं सर्वांस रुचली नाहीं. आगासी मागें हटले नाहींत.

शाळा ८ जुलै रोजीं उघडावयाची होती. तीन-चार दिवस आधीं आगासी बेटावर येऊन पाहतात तों निवासाच्या इमारतीस अद्याप धड जमीन नाहीं, भिंती नाहींत. आणि दुसरा दिवस रविवार. रविवारीं काम करावयाचें नाहीं, हा तेथील कडक रिवाज. आगासी यांनीं सुतारांस एकत्र बोलावलें व त्यांस समजावून सांगितलें कीं, हें काम कोणाच्या फायद्याचें नसून केवळ शिक्षणाचें आहे. पन्नास शिक्षक दूरदूरच्या गांवांहून येण्यास निघालेही असतील. सर्व सुतार काम करावयास तयार झाले. शिक्षक बोटींतून उतरले तेव्हां रंधा मारलेल्या लांकडाचा वास ताजा होता. सभागृह तर नव्हतेंच. गुरांच्या गोठ्याची साफसफाई करून नवी फळी ठोकली होती, आणि वर आढ्याला पाकोळ्यांचीं घरटीं होतीं तशींच होतीं. त्या पाकोळ्या डोक्यांवरून आंतबाहेर उडत असतां शाळेचा उद्घाटन-समारंभ झाला.

आगासी उभे राहिले. कोणास प्रार्थना करावयास सांगावें, हें त्यांनीं आधीं ठरविलें नव्हतें. आणि दुसऱ्या कोणीं आपल्यातर्फें बोलावें, असें त्या क्षणीं त्यांस वाटलें नाहीं. प्रत्येकानें मनांतल्या मनांत देवाजवळ साह्य मागावें, असें सांगून त्यांनीं मस्तक लवविलें. त्या निःशब्द प्रार्थनेवर व्हिटिअर या अमेरिकन कवीनें पुढें एक कविता रचली, आणि ती त्या देशांत फार लोकप्रिय झाली.

मग काम सुरू झालें. येथें पाठ्यपुस्तक नव्हतें. सकाळीं शिक्षक पाण्यांत उतरून खडकांखालचे जीव धुंडीत. जहाज बाहेर गेलें असेल तर जाळ्यांत आलेले तारामासे, खेंकडे, शिंपले व छत्रीसारखे पारदर्शक प्राणी मेजांवर येऊन पडत. ज्यांनीं दहा दहा, वीस वीस वर्षें वर्गांत उभें राहून उत्तरें सांगितलीं होतीं, ते आतां चिमटा व सुरी घेऊन प्रश्न विचारूं लागले. आगासी मेजामेजाजवळ जात. पाहिलें काय, हें विचारीत. आणि पुष्कळदां उत्तर न देतांच पुढें जात. उत्तर सांगणें हें शिक्षकास सर्वांत सोपें असतें व न सांगणें सर्वांत कठीण, हें येथें आलेल्या प्रत्येकास उमजलें असेल. जें आपणांस ठाऊक नाहीं, तें ठाऊक नाहीं असें वर्गांत मोकळेपणानें सांगावें, हाही धडा त्यांनीं शिक्षकांस दिला. बरोबर प्रिन्स्टनचे भूगोलशास्त्रज्ञ गूयो, कॉर्नेलचे वाइल्डर, पॅकार्ड वगैरे साहाय्यक होते. पण या शाळेचें खरें सामर्थ्य असें कीं, रात्रीं जेवणानंतर शिक्षक एकमेकांस आपापल्या शाळांतील अडचणी सांगत व एकमेकांपासून शिकत. म्यूनिकच्या खोलींतील ती लहान विद्वत्सभा पंचेचाळीस वर्षांनीं या बेटावर पुन्हा भरली होती.

उन्हाळा संपला; शिक्षक घरोघर गेले. १४ डिसेंबर १८७३ रोजीं आगासी यांचें देहावसान झालें. ज्या हिमनदीवर त्यांनीं झोंपडी केली होती तेथील एक मोठी शिळा स्वित्झर्लंडहून आणून त्यांच्या थडग्यावर ठेवण्यांत आली आहे. आपल्या मृत्युपत्रांत त्यांनीं नांवापुढें शिक्षक एवढाच किताब लिहिला होता, असें सांगतात. पुढच्या उन्हाळ्यांत अलेक्झांडर आगासी यांनीं शाळा एक वेळ चालविली. मग पैसा सरला, दात्याचा उत्साहही ओसरला, आणि शाळा कायमची बंद पडली. पुढें १९०५ ते १९२१ पर्यंत त्या बेटावर महारोग्यांचें इस्पितळ होतें.

एकंदर दोन उन्हाळे चाललेली शाळा! व्यवहाराच्या हिशेबानें ती फसलीच म्हणावयाची. परंतु बियांचा हिशेब पेरणीच्या दिवशीं करावयाचा नसतो. त्या पन्नास जणांत चार्ल्स ओटिस व्हिटमन नांवाचे बोस्टनच्या हायस्कुलांतील एक शिक्षक होते. ते तेथून जर्मनीस जाऊन पंडित झाले, जपानांत टोकियोच्या विद्यापीठांत शिकवून आले, आणि १८८८ सालीं पेनिकीजपासून जवळच वूड्स होल येथें जी समुद्रजीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, तिचे पहिले संचालक झाले. ती प्रयोगशाळा आजही चालू आहे व जगभरचे शास्त्रज्ञ तेथें उन्हाळ्यांत जमतात. विल्यम कीथ ब्रुक्स हेही तेव्हां एक साधे शाळामास्तर होते. ते पुढें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत प्राध्यापक झाले; त्यांचे शिष्य टॉमस हंट मॉर्गन यांस आनुवंशिकतेच्या शोधाबद्दल १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिसऱ्या लिडिया शॅटक. या माउंट होलिओक येथील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका. पेनिकीजला आल्या तेव्हां त्यांचें वय एकावन्न होतें व वीस वर्षांहून अधिक काळ त्या शिकवीत होत्या. आतां आपणांस शिकण्यासारखें काय उरलें आहे, असें त्या म्हणूं शकल्या असत्या. त्या आल्या, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांच्याच शाळेंतील तरुण शिक्षिका कॉर्नेलिया क्लॅप बेटावर आल्या. क्लॅपबाईंनीं पुढें वूड्स होल येथें पहिल्या वर्षापासून काम केलें, १८९६ सालीं शिकागो विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली, आणि १९१६ पर्यंत माउंट होलिओक येथें मुलींच्या कित्येक पिढ्यांस प्राणिशास्त्र शिकविलें. एका शिक्षकानें दुसऱ्या शिक्षकाच्या हातीं दिवा द्यावा तो असा.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे; कारण चरित्रलेखकानें सत्य लपविलें तर तो आपल्या वाचकांस मासा पाहूं न देणाऱ्या गुरूसारखाच होईल. डार्विन यांचा ग्रंथ १८५९ सालीं निघाला, तेव्हां जीवजाती हळूंहळूं बदलत जातात, हें मत आगासी यांनीं झिडकारलें व मरेपर्यंत स्वीकारलें नाहीं. येथें त्यांचे डोळे चुकले नाहींत. मनानें डोळ्यांचें ऐकलें नाहीं. याहून गंभीर दोष असा कीं, मनुष्यांचे वर्ण निरनिराळे निर्माण झाले असून गोरा वर्ण श्रेष्ठ आहे, असें त्यांनीं शास्त्राच्या नांवानें प्रतिपादिलें. आपलें म्हणणें सिद्ध करण्यासाठीं १८५० सालीं त्यांनीं दक्षिणेकडील गुलाम स्त्रीपुरुषांचीं उघड्या अंगाचीं छायाचित्रें काढविलीं. त्या बिचाऱ्यांची संमति कोणीं विचारली नाहीं. मासा तीन दिवस पाहा, असें सांगणाऱ्या या पुरुषानें आपल्यासारख्याच माणसाकडे मात्र आधींच ठरविलेल्या मतानें पाहिलें. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनीं त्यांच्या वचनांचा उपयोग करून घेतला. ही चूक लहान नव्हे, व तिला काळाची सबब पुरेशी नाहीं. कारण त्याच काळीं तिला विरोध करणारे लोकही होते.

कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इमारतीवर आगासी यांचा संगमरवरी पुतळा उभारलेला होता. १९०६ च्या भूकंपांत तो खालीं कोसळून डोकें जमिनींत व पाय वर अशा स्थितींत रुतला. पुढें तो पुन्हा जागेवर बसविण्यांत आला. पण १९०६ मध्यें भूकंपानें केलें तें २०२० सालीं विचारानें केलें, आणि त्यांच्या वर्णविषयक मतांमुळें पुतळा तेथून हालविण्याचें विद्यापीठानें ठरविलें. त्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन हे पेनिकीजचेच विद्यार्थी व माशांचे मोठे अभ्यासक. पण मनुष्यवंशाच्या निवडीविषयींचीं त्यांचीं मतेंही तशींच सदोष होतीं, म्हणून त्यांचें नांवही त्याच वर्षीं एका इमारतीवरून काढण्याचें ठरलें. गुरूचा दिवा हातीं आला म्हणजे त्याची काजळीही हाताला लागूं शकते, हें यावरून ध्यानांत घ्यावें.

तरीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आगासी यांचे जवळजवळ सर्व नामांकित शिष्य, आणि खुद्द त्यांचा मुलगा अलेक्झांडर, हे जीवांच्या उत्क्रांतीच्या बाबतींत गुरूंस सोडून डार्विन यांच्या बाजूस गेले. त्यांस हें बळ कोठून आलें? गुरूंपासूनच. पुस्तकावर विसंबूं नका, माझ्यावरही विसंबूं नका, वस्तु पाहा, असें ज्यानें शिकविलें, त्याच्या शिष्यांनीं वस्तु पाहिली आणि गुरु चुकला असें त्यांस दिसलें. गुरूनें इतरत्र जय इच्छावा, शिष्याकडून मात्र पराजय इच्छावा, असें आपल्याकडे जुने लोक म्हणत आले आहेत. आगासी यांनीं हा पराजय खुशीनें पत्करला नाहीं. परंतु तो शक्य व्हावा, असेंच त्यांनीं शिकविलें. आमच्या मतें त्यांच्या पद्धतीचा याहून मोठा पुरावा दुसरा नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध तुम्हांस माशाच्या रूपानें आधींच सांगून झाला आहे. झाडाचें पान हातीं घ्याल तेव्हां दहा मिनिटांनीं सारें पाहून झालें, असें म्हणूं नका. पेन्सिल घेऊन त्याचें चित्र काढा, म्हणजे काय पाहावयाचें राहिलें होतें तें कळेल. आणि पानाकडे जितक्या धीरानें पाहाल, तितक्याच धीरानें शेजारच्या बाकावरील मुलाकडे पाहा; त्याच्याविषयीं जें कानीं पडलें असेल तें बाजूस ठेवून पाहा.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा ओढ्याकांठचे बेडूक अगर खिसाभर दगड घेऊन घरीं आला, तर मोतिए गांवच्या त्या मातेची आठवण करावी. आणि शाळेंतील शिक्षक सुट्टींत कोठें वर्गास गेले, नवें कांहीं शिकून आले, किंवा मुलाच्या प्रश्नावर ठाऊक नाहीं, आपण मिळून पाहूं, असें म्हणाले, तर त्यांची विद्या उणी आहे असें समजूं नये. जो शिक्षक स्वतः शिकण्याचें सोडीत नाहीं व आपल्या सोबत्यांसही शिकत ठेवतो, त्याच्याच हातून मुलें शिकतात. एकावन्नाव्या वर्षीं ओल्या खडकांवरून शिंपले गोळा करीत चाललेल्या लिडियाबाई शॅटक यांनीं हें आपल्या कृतीनें दाखवून दिलें आहे.